रिकाम्या तासिकांची वही

पत्र

मॅडम, सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका गावात राहते. आमच्या गावात जिल्हा परिषदेची प्रशाला आहे, पाचवी ते दहावी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी. पट 214. माझी मुलगी नववीत आहे आणि यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीवर घेतलंय. ऑफिसातल्या फळ्यावर लिहिलंय, मंजूर शिक्षक 9, कार्यरत 6. त्या सहातले एक सर दीड वर्षापासून पंचायत समितीत बसतात. उरले पाच. त्यातल्याच एका मॅडमकडे मुख्याध्यापकाचा प्रभार आहे. गणित-विज्ञानाच्या सरांची बदली झाली ती झाली, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. भूगोलाचे सर गणित शिकवतात. क्लार्क नाही. शिपाईमामा रिटायर झाले, आता घंटा पोरंच वाजवतात.

दिवाळीनंतर दहावीतली एक मुलगी शाळेत यायची बंद झाली. माझ्या मुलीची मैत्रीण. तिच्या घरी काहीतरी चाललंय असं माझ्या मुलीला वाटत होतं, पण सांगायचं कुणाला? प्रभारी मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांना मान वर करायला सवड नाही.

गावातली माणसं म्हणतात, शाळेला कुलूप ठोकू, नाहीतर पोरं घेऊन झेडपीत जाऊन बसू. माझे मिस्टर म्हणतात, दाखला काढ आणि पोरीला तालुक्याला इंग्लिश स्कूलमध्ये घाल, नाहीतर लातूरला मावशीकडे ठेव. मी समितीवर असून माझीच मुलगी काढून नेली तर लोक काय म्हणतील? आणि नाही नेली तर तिचं नुकसान. काय करू?

— एक आई


उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझी एकतीस वर्षं शाळेत गेली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. त्यामुळे तुमच्या ऑफिसातला तो फळा मला डोळ्यांसमोर दिसतो. वर सुविचार, खाली मंजूर, कार्यरत, रिक्त असे तीन रकाने, आणि रिक्तच्या रकान्यातला आकडा वर्षानुवर्षं कुणी पुसलेला नसतो.

फळ्यावरच्या आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिलात की तुम्हाला पहिलं उत्तर याच आकड्याचं मिळेल. ते म्हणतील, पट 214, शिक्षक 6, म्हणजे 36 मुलांमागे एक शिक्षक. शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक म्हणतो. मग तुमची तक्रार काय? आणि तुम्ही गप्प व्हाल, कारण हिशेब तर बरोबर दिसतो.

तिथे गप्प बसू नका. प्राथमिक शाळेत एक गुरुजी चार विषय सांभाळून नेतात, त्यामुळे तिथे मुलांमागे शिक्षक मोजला तर थोडंफार चालून जातं. हायस्कूलमध्ये तासिका मोजायच्या असतात. तुमच्या शाळेत सहा तुकड्या. एका तुकडीला आठवड्याच्या साधारण 45 तासिका धरा, शनिवारची अर्धी शाळा धरून. सहा तुकड्यांच्या झाल्या 270. नऊ शिक्षकांनी प्रत्येकी 30 तासिका घेतल्या की बरोबर 270 भरतात. म्हणजे मंजूर नऊ हा आकडा कुणी उदार होऊन दिलेला नाही, तेवढे लागतातच. आता प्रत्यक्षात आहेत पाच. त्यांच्या झाल्या 150. उरलेल्या 120 तासिकांना वर्गात कोण असतं? कुणीच नाही, किंवा दोन वर्ग एका खोलीत कोंबलेले असतात, किंवा फळ्यावर "शुद्धलेखन लिहा" असं लिहून एका हुशार मुलीला लक्ष ठेवायला बसवलेलं असतं. प्रभारी मॅडमना ऑफिसचं काम आहे, म्हणजे त्यांच्या तीस तासिकाही पुऱ्या होत नसणार.

तेव्हा पहिलं काम हे. दोनशे पानी वही घ्या. शाळेचं वेळापत्रक मॅडमकडून उतरवून घ्या आणि समितीतल्या दोन-तीन आयांनी मिळून एक महिना रोज नोंद करायची: तारीख, वर्ग, तासिका, विषय, शिक्षक होते की नव्हते. मॅडमना सांगून, त्यांना विश्वासात घेऊन करा, चोरून नाही. त्यांनाही ती वही हवीच असेल, फक्त ती त्यांच्या हातून लिहिली जाऊ शकत नाही. महिन्याअखेरीस नववीच्या गणिताच्या अमुक तासिका व्हायला हव्या होत्या, झाल्या इतक्या, असं एक वाक्य तुमच्या हातात येईल. "आमच्या शाळेला शिक्षक द्या" हे निवेदन साहेबांच्या टेबलावर रोज येतं. झालेल्या आणि न झालेल्या तासिकांचा हिशेब क्वचित येतो, आणि तो बाजूला सारता येत नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिक्षक नाहीत, हे एकच दुखणं नाही. तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी. लोक सगळं एकाच निवेदनात कोंबतात आणि मग ते निवेदन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं.

एक, मंजूर आहे पण रिकामं आहे. तुमची तीन पदं अशी आहेत. ती भरली जातात पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरून, त्यासाठी अभियोग्यता चाचणी होते. ती 2017 मध्ये झाली, मग थेट 2023 मध्ये आणि नंतर 2025 मध्ये. मधल्या वर्षांत बदल्या झाल्या, माणसं निवृत्त झाली, जागा रिकाम्या होत गेल्या. पण परीक्षा झाली म्हणजे तुमच्या गावाला शिक्षक आला असं होत नाही. जिल्हा परिषदेने आधी बिंदुनामावली तपासून घ्यावी लागते, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची ते मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित व्हावं लागतं. मग पोर्टलवर जाहिरात टाकावी लागते, आणि त्या जाहिरातीत गणित-विज्ञानाची जागा मागितलेली असावी लागते. यातली एक पायरी अडली की सगळं अडतं. म्हणून शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना विचारायचा प्रश्न असा: आमच्या प्रशालेचं गणित-विज्ञानाचं रिक्त पद पोर्टलवरच्या मागणीत गेलं होतं का? बिंदुनामावली कधी प्रमाणित झाली? लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, म्हणून मनातला सगळा राग त्यात लिहू नका, तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

आणि एक कलम पाठ करून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 26 म्हणतं की शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत मंजूर पदांच्या 10 टक्क्यांहून जास्त पदं रिक्त राहता कामा नयेत. तो कायदा आठवीपर्यंतचा आहे, पण तुमच्या शाळेत पाचवी ते आठवी आहेच. तुमच्याकडे नवातली तीन रिकामी, म्हणजे एक तृतीयांश.

दोन, पद भरलेलं आहे, माणूस हजर नाही. पंचायत समितीत बसणारे सर. याला प्रतिनियुक्ती म्हणतात. तीन जागा भरायला वर्ष जाईल, कदाचित जास्त. हे सर परत यायला एक सही पुरते. म्हणून माझं मत असं की लढाई इथून सुरू करा. त्यांच्या प्रतिनियुक्तीचा लेखी आदेश आहे का, कुणी काढला, किती मुदतीचा, एवढंच विचारा. पुष्कळदा आदेश नसतोच, तोंडी चाललेलं असतं, आणि कुणी कागद मागितला की सर आठवड्यात शाळेत हजर होतात. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच बिगर-शिक्षणाच्या कामाला जुंपता येतं असं त्याच कायद्याचं कलम 27 सांगतं. मतदार यादीचं कामही सुट्टीच्या आणि शाळा नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितलेलं आहे. सरांबद्दल व्यक्तिशः वाईट बोलू नका. त्यांना तिथे बसवलंय, ते नकार देऊ शकले नसतील.

तीन, पद मंजूरच नाही. आज तुमची नऊ पदं मंजूर आहेत, पण ती पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. दरवर्षी संचमान्यता होते, म्हणजे पटावरून पदं ठरतात. 30 सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यातही आधार जुळलेली मुलंच धरली जातात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने हे निकष आणखी आवळले आणि त्याविरुद्ध राज्यभर शिक्षक रस्त्यावर उतरले. तुमच्या भागात ऊसतोडीला जाणारी घरं असतील. त्या मुलांच्या आधारवर नाव एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, जन्मतारीख तिसरीच. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पण संगणकाच्या लेखी ते नाही. अशी दहा-पंधरा मुलं गळली की एक शिक्षक गळतो. क्लार्क नसलेल्या शाळेत ही दुरुस्ती करायला कुणाला वेळ आहे? हे काम समितीने उचलावं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेतच आधारचं शिबिर मागून घ्या, यादी घेऊन घरोघर जा. माझ्या अनुभवात एखाद्या गावाने स्वतःच्या हाताने शिक्षक राखला असेल तर तो मोर्चापेक्षा याच कामाने राखला.

आता कुलपाबद्दल. गावकऱ्यांचा राग मला कळतो. मराठवाड्यात जिल्हा परिषदेची हायस्कुलं एवढी का आहेत, माहीत आहे ना? निजामाच्या राजवटीतली सरकारी हायस्कुलं 1962 साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा त्यांच्याकडे गेली. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की एखादी शिक्षणसंस्था असते, अध्यक्ष असतात, ते मुंबईला जाऊन बसतात. तुमच्या प्रशालेला असा कुणी वाली नाही. वाली गावच आहे, म्हणून गाव चिडतं. पण कुलूप ठोकलं की काय होतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. चार दिवस शाळा बंद, फोटो येतात, पाचव्या दिवशी शेजारच्या गावातला एक शिक्षक तात्पुरत्या व्यवस्थेत तुमच्याकडे पाठवला जातो. याची टोपी त्याच्या डोक्यावर. दोन महिन्यांनी ते गाव कुलूप ठोकतं आणि तो शिक्षक परत जातो. तुमच्या 120 रिकाम्या तासिकांमध्ये चार दिवसांची आणखी भर पडते, ती वेगळीच.

झेडपीत जायचं तर जा. जरूर जा. पण मोठ्यांनी जा. मुलांना उन्हात पायरीवर बसवून पाढे म्हणायला लावू नका. मुलांचा असा उपयोग केलेला मला कधीच पटला नाही. वही घ्या, समितीचा ठराव घ्या, 26 जानेवारीच्या ग्रामसभेतही तोच ठराव करून घ्या, आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी, मग मुख्य कार्यकारी अधिकारी, मग विभागीय शिक्षण उपसंचालक. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस द्या. कंटाळवाणं आहे, मला मान्य आहे.

दरम्यान नववी-दहावीच्या गणिताचं काय? गावात कुणी निवृत्त गणिताचे सर असतील तर बघा. 2023 मध्ये शासनाने जिल्हा परिषदेच्या शाळांत रिक्त पदावर निवृत्त शिक्षकांना महिना 20,000 रुपये मानधनावर घ्यायची वाट काढली होती, आत्ता तशी सोय लागू होते का ते शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. तेही नसेल तर पुष्कळ गावं वर्गणी काढून बी.एस्सी. झालेल्या एखाद्या मुलीला ठेवतात. तसं करायला हरकत नाही, पण दोन गोष्टी पाळा. ठरावात स्पष्ट लिहा की ही सोय पद भरेपर्यंतची आहे, म्हणजे उद्या कुणी "तुमचं तर चाललंय" असं म्हणणार नाही. आणि वर्गणी सक्तीची नको. ज्या घरात सहा महिने ऊस तोडायला जावं लागतं त्या घरच्या मुलालाही तो तास तसाच मिळाला पाहिजे.

इथे थोडं थांबून त्या पाच शिक्षकांबद्दल बोलते, कारण गावाचा राग शेवटी त्यांच्यावरच निघतो. भूगोलाचे सर गणित शिकवतात म्हणून गावात हसतात, हे मला न सांगताही कळतं. ते आदल्या रात्री घरी बसून त्रिकोणमिती सोडवून बघत असतील, ताई. वर्गात उत्तर चुकलं तर काय, ही भीती पोटात घेऊन ते उभे राहतात. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये सांगितलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचं. तुमच्या पाचांतले काहीजण पन्नाशीत त्या परीक्षेचा अभ्यास करत असतील. त्यांना एकदा समितीच्या बैठकीत चहा द्या आणि विचारा, तुमचं कुठलं काम आम्ही करू? पोषण आहाराची नोंद, आधारची यादी, मैदानावर लक्ष ठेवणं, घंटा. यातली कामं पालकांनी वाटून घेतली तर मॅडमची मान वर होईल. "त्यांना मान वर करायला सवड नाही" हे तुमचं वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्याचं कारण सांगते. मी मुख्याध्यापिका असताना आमच्या शाळेत क्लार्कचं पद चार वर्षं रिकामं होतं. डिसेंबर होता, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस. नेट येत-जात होतं. मी कॉम्प्युटरसमोर, बाजूला जातीच्या दाखल्यांचा आणि बँक पासबुकांच्या झेरॉक्सचा ढीग. आठवीतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात खडूचा डबा. एका वेणीची रिबीन लाल, दुसरीची धुऊन धुऊन गुलाबी झालेली. खडूचा डबा द्यायला यायची तिची पाळी नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी म्हटलं, "ठेव टेबलावर, नंतर बोलू." तिने डबा ठेवला, थोडी थांबली, आणि गेली. संध्याकाळी साडेसातला माझे सगळे अर्ज सबमिट झाले. 112 मुलांची शिष्यवृत्ती त्या दिवशी वाचली. जानेवारीत तिचा बाक रिकामा झाला. मामाच्या गावी लग्न लावून दिलं होतं.

मी दोन्ही कामं करू शकले नाही. ते 112 अर्ज मी टाकून द्यायला हवे होते का? नाही. पण त्या दारात मला सोडून दुसरं कुणीतरी बसलेलं असायला हवं होतं. म्हणून निवेदनात गणिताच्या शिक्षकाबरोबर क्लार्क आणि समुपदेशक ही दोन पदंही त्याच जोरावर मागा. लोक शिक्षक मागतात, बाकीचं म्हणजे वरचा खर्च असं त्यांना वाटतं. क्लार्क नसला की त्याचं काम शिक्षक करतो, शिपाई नसला की मुख्याध्यापक करतो, आणि समुपदेशक नसला की ते काम कुणीच करत नाही.

हे मागायला आता आधारही आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. तुमचा पट 214. शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा की आमच्या शाळेसाठी ही व्यवस्था काय केली आहे. "शिक्षकच समुपदेशक आहेत" असं उत्तर आलं तर त्याखाली तुमच्या वहीतल्या 120 रिकाम्या तासिका लिहून परत पाठवा.

मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती शाळेत आहे का तेही बघा. मार्च 2022 च्या शासन निर्णयाने ती प्रत्येक शाळेत असायला हवी. तिच्यात महिला शिक्षक, महिला पालक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांच्याबरोबर महिला समुपदेशकाचीही जागा आहे. पुष्कळ शाळांत ही समिती भिंतीवरच्या यादीपुरती असते. तुम्ही व्यवस्थापन समितीवर आहात, बैठक लावा, आणि बैठकीला तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक बाईंना बोलवा. किशोरवयीन मुलामुलींसाठीच ती सोय आहे, पण गावात कुणाला तिचं नाव माहीत नसतं. महिन्यातून एक दिवस त्या शाळेत येऊन एका खोलीत बसल्या तरी दार उघडं झालं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर वर्गावर्गात मोठ्या अक्षरात लावा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शाळेत कुणी दिव्यांग किंवा शिकायला अडखळणारं मूल असेल तर तेही विसरू नका. माध्यमिकला अशा 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच म्हटलं आहे. आसपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्याच्या केंद्रप्रमुखांना विचारा, केंद्राला विशेष शिक्षक आहे का आणि तो तुमच्या शाळेत कुठल्या वारी येणार.

आता तुमच्या मुलीचं. लोक काय म्हणतील हा विचार आधी बाजूला काढा. तुमची मुलगी शाळेचा पट टिकवायला शाळेत जात नाही. तिला इथे शिकता येत नसेल तर तिला नेण्यात कुठलीही गद्दारी नाही, आणि तसं म्हणणाऱ्याने आधी स्वतःची मुलं कुठल्या शाळेत आहेत ते सांगावं. पण मला विचाराल तर आत्ता, वर्षाच्या मध्ये, दाखला काढू नका. मराठीतून शिकलेल्या मुलीला नववीच्या डिसेंबरात इंग्रजी माध्यमात टाकणं म्हणजे गणिताबरोबर बाकीचे विषयही अवघड करून ठेवणं. मिस्टरांना हे शांतपणे सांगा. त्यांना मुलीची काळजी आहे, ती खरी आहे. लातूरचा विचार दहावीनंतर अकरावी सायन्सच्या वेळी करा, तेव्हा तो योग्यच ठरेल.

एप्रिलपर्यंत सर परत आले नाहीत आणि गणिताला कुणीच मिळालं नाही, तर निकाल लागल्यावर तालुक्याच्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला घालायचं का, ते तिला विचारून ठरवा. एसटीचं वेळापत्रक बघा, परतीची गाडी अंधार पडायच्या आत आहे का ते बघा. मुलीला काढलंत तर समितीतली पालक म्हणून तुमची जागाही जाईल, हे माहीत असू द्या. तेवढ्यासाठी तिला अडकवू नका. तोवर बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरचे धडे, चार मैत्रिणींचा गट, आणि भूगोलाचे सर. गटाने सरांना सांगावं, सर, आपण मिळून सोडवू. बघा, किती फरक पडतो ते.

राहिली तिची मैत्रीण. तुम्ही तिच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात, पण वही, ठराव, आवक शिक्के हे सगळं नंतर. आधी तिच्या घरी जा, या रविवारीच. एकट्या जाऊ नका, अंगणवाडीच्या ताईंना बरोबर घ्या, मोर्चासारख्या जाऊ नका, तिळगुळाचं निमित्त काढून जा. तिच्या आईशी बोला. दहावीचा फॉर्म भरलेला आहे का ते मॅडमकडून आधीच विचारून जा, म्हणजे "फॉर्म भरलाय, हॉल तिकीट येईल, परीक्षेला बसता येईल" असं छातीठोकपणे सांगता येईल. फॉर्म राहिला असेल तर मॅडमना त्याच दिवशी बोर्डात विचारायला लावा. ऊसतोडीला नेली असेल तर कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गाडीवर आहे ते विचारा, परीक्षेपुरतं तिला कुणाकडे ठेवता येईल ते बघा, तुमच्याकडेही राहू शकेल. लग्न ठरलं असल्याचा नुसता वास आला आणि ती अठराच्या आत असेल, तर तिथून बाहेर पडल्याबरोबर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि ग्रामसेवकांना लेखी कळवा. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर आहे. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं.

आणि जाताना तुमच्या मुलीला बरोबर न्या. दोघींना पाच मिनिटं अंगणात एकट्या सोडा.